घर क्रमांक ८१२

अमळनेर,
गुरुवार, दि. १५ जून १९८९

चि. गिरधरला अक्काचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो फक्त कॉलेजचे जिने चढताना दुखतो, सुट्टीत नाही. म्हणजे त्याचंही काहीतरी नाटक आहे. हे पत्र पोस्टात न टाकता शेजारच्या बेबाबाईंच्या हाती देते आहे. त्या उद्या सकाळच्या एसटीनं धुळ्याला लेकीकडे निघाल्यात. पाकिटाच्या जोडावर शाईची रेघ मारली आहे. रेघ तुटलेली दिसली तर समजून जा. हसू नकोस. लहानपणी तू गोळी संपली म्हणून नुसता कागद दाखवायचास, तरी मी तुझं तोंड उघडून बघायचे. माझा स्वभाव तुला काही नवा नाही.

दीड महिना झाला, तू एक ओळ लिहिली नाहीस. मीही नाही. मी लिहिली नाही कारण मला तुझा संशय होता. घ्या, लिहून टाकलं.

आता पहिल्यापासून मांडते. वीस वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेल्या बाईला मांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

धरणात गेलेल्या त्या गावाची तेराशे सेहेचाळीस घरं. प्रत्येक घराचं एक कार्ड, कार्डावर घर क्रमांक. कार्डांवरून यादी यंत्रात भरायची आणि क्रमांक दिला की कुटुंब यादीत आहे की नाही ते पडद्यावर दाखवायचं, हे काम तुझ्या संगणक केंद्राला मिळालं. यादीत असेल त्याला नव्या गावठाणात प्लॉट, नसेल त्याला रामराम. एकेक कार्ड बघत बसलं तर तुमचं ते यंत्र दम खायचं, म्हणून तू दुभागणीची युक्ती काढलीस. मधलं कार्ड बघायचं. हवा तो क्रमांक मोठा असेल तर आधीची सगळी सोडायची, लहान असेल तर नंतरची. उरलेल्यातलं पुन्हा मधलं. जास्तीत जास्त अकरा वेळा बघितलं की काम फत्ते.

युक्ती बरोबर कशावरून, असं मीच विचारलं. आणि मीच चार पानांची सिद्धता लिहून दिली. शोधतोय तो क्रमांक यादीत असेलच, तर तो उरलेल्या तुकड्यातच असेल, ही एक गोष्ट मी शेवटपर्यंत धरून ठेवली. पहिल्या फेरीला ती खरी. एका फेरीला खरी असेल तर पुढच्या फेरीलाही खरी. तुकडा दर वेळी निम्म्याहून जास्त उरत नाही, म्हणून शोध संपतोच. खाली 'सिद्ध' लिहून ऐटीत सही ठोकली. तू ती पानं केंद्रातल्या भिंतीवर लावलीस म्हणे. वेडा कुठला.

मग २६ एप्रिलला त्या गावचे हिलालभाऊ तुझ्यापुढं येऊन उभे राहिले. घर क्रमांक ८१२. पडद्यावर आलं, 'नाही'. दुसऱ्यांदा दाबलंस, 'नाही'. त्यांचा धाकटा भाऊ मगन पहिल्या झटक्यात सापडला, गाव सापडलं, आणि हिलालभाऊ तेवढे नाहीत. मीही त्या दिवशी केंद्रात होते, माझ्या कानात अजून त्यांचा आवाज आहे: "मी आठे उभा शे, नि तुम्हनं मशीन म्हनस नही शे! बठ्ठासना नंबर लागना, मीच कसा रही गवू?"

पुनर्वसनाच्या साहेबांनी छापील यादी मागवली. त्यात ८१२ होता! कागदावर आहे, पडद्यावर नाही. साहेबांना वाटलं, तू नाव उडवलंस आणि बोभाटा होताच गुपचूप परत घातलंस. त्यातच कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की दोन वर्षांपूर्वी हिलालभाऊंनी आपली पोर गिरधरला द्यायला नकार दिला होता, 'यंत्राचं डबडं बडवणाऱ्याला पोर देणार नाही' म्हणाले होते, आणि गिरधरनं ते मनात ठेवलं होतं. झालं. तुला कामावरून थांबवलं, चौकशी लागली. हिलालभाऊ सोनगीरला साडूच्या ओसरीवर पडून आहेत. यादी तीस तारखेला बंद होते.

ते कुणीतरी म्हणजे मी.

साहेबांनी मला सरळ विचारलं, "तुमच्या भावाचं आणि यांचं काही वाकडं आहे का?" मी सगळं सांगितलं. खरं बोलायची खोड आहे ना मला! घरी येऊन भाकरी थापल्या आणि पोटभर जेवलेसुद्धा. माझ्या मनात तू चोर होतास, गिरधर.

एवढ्यावरही माझं समाधान नव्हतं. नाव तू नेमकं कसं उडवलंस ते शोधून काढायचं म्हणून कार्डांच्याच क्रमानं छापलेल्या त्या यादीची प्रत मागून आणली आणि परवा दुपारी पेन्सिल घेऊन बसले. म्हटलं, यंत्र करतं ते हातानं करू. मधलं कार्ड, ६७३वं. त्यावर क्रमांक ६७२. मी थबकले. एकानं मागे कसं? ८१२ मोठा, म्हणून आधीची सगळी सोडली आणि पुढं गेले. ८१२ काही येईना. ८११ नंतर एकदम ८१३. मग पहिल्या पानापासून बोट ठेवत निघाले. ५८६ नंतर ८१२, मग ५८७.

५८७ म्हणजे मगनचं घर.

आता ते सांगते, जे इतका वेळ टाळते आहे. मेच्या उन्हात नको म्हणून मार्चमध्येच आपण कार्डं क्रमानं लावायला घेतली, आठवतं? तू धुळ्याला यंत्रापाशी, मी इथं कार्डांपाशी, आणि माझ्या मदतीला त्या गावचे जीवराम आबा. ५८७ हातात आल्यावर आबा अडले. "मोठा भाऊना पयले धाकलानं कार्ड कसं? लोके काय म्हनतीन?" पत्रिकेत, पंगतीत, कुठंही थोरला आधी, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी ढिगातून हिलालभाऊंचं कार्ड काढलं आणि मगनच्या आधी ठेवलं. मी बघत होते, गिरधर. मी म्हटलं, "ठेवा आबा, एका कार्डानं काय होतंय."

आणि तू फोनवर काय म्हणालास? "अक्का, क्रम बरोबर आहे का ते यंत्राकडून एकदा तपासून घेतो, एक दुपार जाईल." मी तुला झापलं. "मी स्वतः लावलीत कार्डं. माझ्यावर भरवसा नाही का?" तू तपासणी सोडून दिलीस. थोरल्या बहिणीपुढं तू नेहमीच गप्प होतोस.

सिद्धतेची पहिली ओळ काढून बघ. 'यादीतील क्रमांक चढते आहेत असे मानू.' मानू! दूधवाल्यावर संशय, पोस्टावर संशय, सख्ख्या भावावर संशय, आणि त्या एका 'मानू'वर कधी नजर गेली नाही, कारण ते माझं होतं. बाकी सिद्धतेत काडीची चूक नाही. तुझ्या प्रोग्राममध्येही नाही. इतरांची कार्डं एकेकानं सरकली, पण क्रम टिकला, म्हणून ते सगळे सापडले. एकट्या हिलालभाऊंना मी आणि आबांनी मान देऊन बाहेर काढलं.

तू हे ओळखलं होतंस का? काल रात्रभर हाच प्रश्न. साहेबांपुढं तू एवढंच म्हणालास, "प्रोग्राम बरोबर आहे. कार्डांबद्दल मला विचारू नका." तेव्हा मला वाटलं, लपवतोय. लपवतच होतास, पण मला. की मी स्वतःच्या तोंडानं कबूल करावं म्हणून वाट बघत होतास? बघ, अजून जात नाही खोड. जळो तो स्वभाव. तू मला वाचवलंस आणि मी तुला अडकवलं, यात आता मला काही तपासायचं नाही.

काल सोनगीरला जाऊन आले. हिलालभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरगा चांगला व्हता. आम्हीच चुकनूत." मला भडभडून आलं, रे. त्यांच्या ओसरीवर परक्या माणसांसमोर रडले.

सोमवारी साडेदहाला चौकशी आहे. मी यादी, पेन्सिलच्या खुणा आणि सिद्धता घेऊन येते. आबांचं नाव मी घेणार नाही; कार्ड माझ्यासमोर लागलं, तपासू नको मी म्हटलं, आणि तुझ्याविरुद्ध मी बोलले. कॉलेजात काय म्हणतील ते म्हणोत. तू मध्ये 'अक्काची चूक नाही' वगैरे करायचं नाही. यावेळी माझं ऐकायचं म्हणून नाही, खरं आहे म्हणून.

मला उशीर झाला, एसटी चुकली, किंवा आयत्या वेळी माझा धीर सुटला, तर हेच पत्र साहेबांपुढं ठेव; त्यात आबांचं नाव आलंय, त्याला मग इलाज नाही. माझा माझ्यावर तेवढा भरवसा उरलेला नाही. म्हणून खाली नुसतं अक्का लिहीत नाही.

वरील सर्व मजकूर माझा, माझ्या हातचा आणि खरा आहे.

(सही)
कमल तोताराम भदाणे
गणिताची अध्यापिका, अमळनेर
चौकशीखालील गिरधर तोताराम भदाणे याची सख्खी बहीण