मंगळावरची म्हैस

आबा, आज पेपरात मंगळावरच्या मानवी वस्तीचा नवा आराखडा आलाय. तिथल्या दुधाची काय सोय केलीय ते मी आधी पाहिलं. भुकटीच आहे. तुम्ही असता तर त्या शास्त्रज्ञांना आपल्या चौकात बोलावलं असतंत.

मंगळावर यान उतरलं तेव्हा मी दैनिकात नवा होतो. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर म्हशींकडे परतायचं, असं आपलं ठरलं होतं. संपादकांनी तासाभरात लेख मागितला. तिथे राहायला जाणाऱ्यांना दुधाची भुकटी न्यावी लागेल, असं मी लिहून टाकलं. लेख छापून आला त्या संध्याकाळी नेहमीसारख्या तुम्ही चौकात म्हशी उभ्या केल्यात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायला. कट्ट्यावर तालमीतले वस्ताद अंक घेऊन बसलेले. "तुमचं पोरगं लोकांस्नी भुकटी पाजाय निघालंय. घरात बी तेच चालतंय काय?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी पेल्यात बोट बुडवून पाहिलं.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "नोकरी सोड, न्हाईतर म्हस ने तिकडं."

"तिथं हवा नाही, आबा."

"माणसांस्नी नेताय न्हवं? त्यातलीच म्हशीला द्या."

"आणि वैरण?"

"शेण पडंल की. शेणावर गवत, गवतावर म्हस. तुझी भुकटी सपल्यावर काय करनार हायत ती माणसं?"

दुसऱ्या दिवशी मी ते सगळं लिहिलं, "एका जाणकार वाचकाने लक्षात आणून दिले आहे" असं म्हणून. संपादक पोटभर हसले आणि दर आठवड्याला लिही म्हणाले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. वस्तादांकडून तुम्ही तो लेख कट्ट्यावर दोनदा वाचून घेतलात आणि घरी येऊन विचारलंत, "वाचक शाना हाय. कुठला म्हनायचा त्यो?"

"गगनबावड्याचा," मी म्हणालो.

"व्हय, तिकडची माणसं हुशार असत्यात," असं म्हणून तुम्ही पाणी पाजायला गोठ्यात गेलात.

आता हे वाचून दाखवायला वस्तादही नाहीत, म्हणून पत्र माझ्याच खणात राहील. तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही चौकभर सांगितलं असतंत. आमच्या कचेरीत सगळी वकील-मास्तरांची मुलं होती, आणि माझे वडील दूध विकतात हे मी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं.