डाव्या बाजूचा आरसा

४ ऑगस्ट
डॉक्टर म्हणतात, लकवा. डावी बाजू गेली. मला तर दोन्ही बाजू ठणठणीत वाटतात. एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, जळगाव–धुळे, एकही अपघात नाही. असा माणूस एका झटक्यात बसतो होय? संकल्प: दिवाळीच्या जादा गाड्यांना मी ड्युटीवर. 'कामावर घ्यावे' असा अर्ज आजच लिहून उशीखाली ठेवला.

१९ ऑगस्ट
व्यायाम घ्यायला मृणाली नावाची पोरगी घरी येते. डावा हात उचला म्हणाली. उचलला. म्हणे, भटूभाऊ, हात गादीवरच आहे. नवीन आहे बिचारी.

२ सप्टेंबर
बायकोने, लिलाने, ताटात नुसती भाकरी वाढली. भाजी कुठे म्हणून ओरडलो. तिने ताट फिरवलं तर भाजी निघाली. आजाऱ्याशी असले खेळ!

११ सप्टेंबर, सकाळी ८
दाढी स्वतः केली. लिला म्हणते अर्धीच झाली. बायकांना दाढीतलं काय कळतं.

२३ सप्टेंबर
मृणालीचं नवीन खूळ. म्हणे माझे डोळे चांगले, पण मेंदूचं डावीकडे लक्षच जात नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी सांगितलं, डावा आरसा बघितल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. ती वहीत काहीतरी लिहू लागली. पटलं असणार.

१२ ऑक्टोबर, विजयादशमी
वंदनेच्या वेळी दोन्ही हात जोडले. लिला म्हणाली, "एकच हात वर शे." सणाच्या दिवशी कशाला वाद.

२१ ऑक्टोबर
डावा पाय अजून जड. क्लचचा पाय तो, सरावाने होईल. खरं दुःख वेगळंच. लिला हल्ली जवळ बसत नाही. आवाज येतो, माणूस दिसत नाही. कंटाळली असेल. फार वाईट वाटतं.

२७ ऑक्टोबर
शेवटी मृणालीकडे तक्रार केली, की बायकोने व्यायामाला तरी जवळ बसावं. तिने माझी मान धरून हळूहळू डावीकडे वळवली. पार खांद्यापर्यंत.

तिथे लिला. पलंगाला लागून, स्टुलावर. कुणाचा तरी हात मांडीवर घेऊन तेल चोळत होती. हात माझाच होता. चोळलेलं मला काहीच कळत नव्हतं.

कधी आलीस, विचारलं.

"मी त रोज आठेच बसस," म्हणाली. रोज, इथेच.

संध्याकाळी ६
उशीखालचा अर्ज लिलाला फाडायला दिला. एका हाताने फाडता येत नाही.