नूरीचा मखमली लगाम

मंठा,
१२ एप्रिल २०२५

आदरणीय गयासभाई,

सप्रेम जय भीम आणि आदाब. अकबरबींना सलाम, फरहानाला आशीर्वाद. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. इथे भावाकडे सगळे ठीक. पोस्टातला कारकून म्हणाला, "आजी, पत्र कोण लिहितं आता?" म्हटलं, "ज्याचा फोन कोणी घेत नाही तो."

बिजली बरी झाल्याचे कळले. तुम्ही तिला बाजारातून आणली तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, नव्या घोडीला एकवीस दिवस वेगळी बांधा. घशाचा रोग बादलीवरून, लगामावरूनही दुसरीला होतो. तबेल्याच्या दारावरची 'एकीची वस्तू दुसरीला लावू नये' ही पाटी मीच लिहिली. अकबरबी बिजलीची बादली तुमच्या जुन्या नूरीपुढे ठेवायला निघाल्या, तर मी केवढी कडाडले!

"बाई, घोडीला काय म्हाइत बादली कुणाची?"

मी त्यांना पाटी दोनदा वाचून दाखवली.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठी तीन कागद फाडून झाले.

अक्षताच्या, माझ्या भाचीच्या, लग्नाच्या आदल्या दिवशी तिला नूरीवर बसून फोटो हवा होता. तुमच्या घरात कोणी नव्हते. सवय लागावी म्हणून वरातीचा तो लाल मखमली लगाम तुम्ही बिजलीला घालत होतात, तो तिच्याच खुंटीला होता. मी काढला, पदराने पुसला आणि नूरीला चढवला. पाच मिनिटांसाठी.

उतरवताना तुमचा अकिब कडब्याचा भारा घेऊन आला. "बाई, पाटी?" एवढेच म्हणाला.

"मला शिकवतोस?" मी म्हटले.

तो लगाम घेऊन गेला आणि त्याने तो धुवायला पाणी उकळत ठेवले.

आठवड्याने नूरीला ताप आला. घसा सुजला, नाकातून पू वाहू लागला. पुढचे तुम्हाला माहीत आहे. अकरा वर्षांची तुमची घोडी. तिला पुरून आल्यावर, भर अंगणात मी अकिबला म्हणाले, "तुझ्या बेफिकिरीने मेली ती." त्याने माझ्याकडे पाहिले. वाटले, आता बोलेल. नाही बोलला. पहिलीत मीच शिकवले होते त्याला, मोठ्यांना उलट बोलू नये.

तुम्ही पोटच्या पोराला म्हणालात, "आजपासून जनावराला हात लावू नको." आता तो पुण्यात कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो म्हणे. घोडीच्या चालीवरून तिचा खूर दुखतो हे ओळखणारा मुलगा.

तेव्हा मी गप्प राहिले आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या शेजारचे माझे घर बंद करून इकडे निघून आले. भावाला सांगितले, जालन्यात धूळ फार.

हे पत्र फरहानाकडून अंगणात मोठ्याने वाचून घ्या. अकिबला मी तिथेच बोलले होते. तेव्हा जे जे उभे होते, त्यांना बोलवा. सोबत अक्षताचा फोटो आहे, लगाम स्पष्ट दिसतो, मागे तारीख आहे. मग अकिबला फोन करा. त्याच्यापुढे मी स्वतः येईन. येऊ द्यायचे की नाही ते त्याने ठरवावे.

पाटी अजून असेल तर काढू नका.

ती लिहिणारी,
बेबीनंदा