बोट कुणाच्या नावावर

३ मार्च

आज दादाच्या कानाखाली वाजवली. बोट-नोंदणी कार्यालयात, रांगेत, सगळ्यांच्या देखत! त्याने फॉर्मवर मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं – ठसठशीत, जणू बोट एकट्याचीच. मी फॉर्म ओढला, तो फाटला, त्याने माझं मनगट पिरगाळलं आणि मग माझा हात सुटला. खिडकीतल्या कारकूनबाईंनी मानही वर केली नाही. ‘मारामारी बाहेर. नवा फॉर्म तीन नंबरला मिळेल.’

बेचाळीस वर्षांची झाले मी. तो पंचेचाळीसचा. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

४ मार्च

मनगट टम्म सुजलंय. शिलाई मशीनचं चाक फिरवता येत नाही. गिऱ्हाइकाच्या बोटीच्या गाद्या अर्ध्या शिवून पडल्यात. दादाच्या हाताला किडे पडोत.

७ मार्च

परत गेलो दोघं. वेगवेगळे गेलो, खिडकीवर एकत्र आलो.

बोटीचा सांगाडा आमच्या वडिलांनी, अप्पांनी, आणि मी केला. मागच्या पडवीत, दोन वर्षं. फळ्या मी धरल्या, त्यांनी ठोकल्या. शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा मी ठोकल्या, त्यांनी धरल्या. दादा तेव्हा फिरकला नाही. अप्पा गेल्यावर मात्र भंगारातलं इंजिन घेऊन आला. ते त्याने खोललं, घासलं, चालू केलं. चांगलं केलं – हे मी त्याला मेले तरी सांगणार नाही.

कारकूनबाई म्हणाल्या, ‘नोंद सांगाड्याची होते. इंजिन उद्या बदलाल. इंजिन म्हणजे बोट नव्हे.’

दादा लालबुंद! ‘माझ्या इंजिनाशिवाय ती नुसती परात आहे, बाई! हिला परातीत बसवा आणि द्या ढकलून!’

मी फिदीफिदी हसले. तिथेच चुकलं. त्याने टेबलावरचं शाईचं पॅड उचलून मला फेकून मारलं. ते लागलं मागच्या गृहस्थाच्या पांढऱ्या शर्टाला. मग तोही सामील झाला.

शिपायाने सोडवल्यावर बाईंनी विचारलं, ‘मालक दोघं लावता येतात. खाली दुसरी ओळ असते. घालू दोघांची नावं?’

‘नाही!’ आम्ही दोघंही एकदम ओरडलो. कित्येक वर्षांत इतकं एकमत झालं नव्हतं आमचं.

१२ मार्च

सर्व्हेअर येऊन गेला. लांबी-रुंदी मोजली, तळाला टोचून पाहिलं. घरी बांधलेल्या बोटीला कंपनीचा क्रमांक नसतो, म्हणून कार्यालयाने तो दिला. तो मागच्या फळीवर उजव्या कोपऱ्यात कोरायचा, नुसता रंगवलेला चालत नाही. अप्पांच्या पटाशीने मी तो कोरला. सबंध दुपार गेली. मनगट ठणकत होतं, पण एकही आकडा वाकडा नाही. आता फोटो काढून द्यायचा की झालं.

१३ मार्च

दादाने क्रमांक घासून टाकला! ग्राइंडर लावून! आवाज ऐकून मी धावले तर फळीला बोटभर खड्डा, आणि हा मिशीत हसतोय. ‘आता कर नोंद.’

तळपायाची आग मस्तकात गेली. लाकडी हातोडा उचलला आणि त्याच्या पाठीत घातला. एक. दोन. तो वळला, त्याने माझे केस धरून मला फळीवर आपटलं. तोंडात रक्ताची चव आली. तिसरा घाव मी डोळे मिटून घातला. तो वहिनीला लागला. ती मध्ये कधी आली, मला दिसलंच नाही.

भुवई फाटली तिची. रक्त डोळ्यात उतरलं. ती ओरडलीसुद्धा नाही. खाली बसली आणि म्हणाली, ‘एकदाचे मारून टाका रे एकमेकांना. मी स्वस्थ झोपेन तरी.’

१५ मार्च

वहिनीला सहा टाके. तिच्या दारापर्यंत गेले. कडी वाजवली नाही. परत आले.

१६ मार्च

त्याला मात्र अजून मारावंसं वाटतं. रोज सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच वाटतं.

२१ मार्च

खड्ड्यात नवा तुकडा बसवला, घासला, पुन्हा कोरला. सर्व्हेअरने पुन्हा येऊन झापलं. लाकडाच्या पावत्या, पडवीतले फोटो, प्रतिज्ञापत्र, सगळं दिलं. आज कागद हातात आला. मालक – मी. दुसरी ओळ कोरी. तीनदा वाचला.

दादा बोटीपाशी होता, त्याला फाटकातूनच दाखवला. वाटलं, आता दादा कागद फाडेल, म्हणून मी पटाशी जवळच ठेवली होती. पण तो इंजिनावर हात ठेवून रडायला लागला. नाक ओढत, लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसा. मला बरं वाटलं. हे लिहायला नको, पण वाटलं.

२३ मार्च

सकाळी दादा बोट घेऊन पाण्यात गेला. धक्क्याजवळ वल्ह्याची होडी आडवी आली. बघणारे म्हणतात, वेग फार होता. होडीत एक निवृत्त मास्तर होते. ते जागीच गेले. होडीच्या फळ्या अजून तरंगतायत. दादाचा जबडा आणि कवटी फुटलीय, शुद्ध नाही. आपली बोट तेवढी शाबूत.

मागच्या फळीवरचा क्रमांक बघून पोलीस सरळ माझ्या दारात आले.

२४ मार्च

इन्स्पेक्टर खुर्चीत बसून शांतपणे बोलले. ‘त्याच्याकडे बोट चालवायचा परवाना नाही. तुम्ही आपणहून दिली असेल, तर तुम्हीही आत जाल. तो न विचारता घेऊन गेला असेल, तर ती चोरी, आणि सगळं त्याच्या माथी. उद्या लिहून द्या.’

संध्याकाळी वहिनी आली. टाके तसेच. ‘काय झालं ते तुलाच ठाऊक. खरं ते लिही. तो शुद्धीवर आला, तर त्याला जन्मभर तेच भोगायचंय.’ मी हो म्हटलं.

२५ मार्च

लिहून दिलं – न विचारता नेली. खाली सही केली, मालक म्हणून.

परवा सकाळी दादा दारात येऊन उभा होता. ‘तुझीच आहे बोट, मान्य. एकदा फक्त चालवून बघू दे.’ मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, ‘दादा, मीपण येऊ का?’ तो म्हणाला, ‘आधी मी बघतो नीट चालते का, मग तुला नेतो.’