एप्रनवरचे चिमटे

४ मार्च
धाकट्या बहिणीकडे जेवायला गेले. तिने वाढलं, मी दोन घास खाल्ले, आणि ती विचारते, "ताई, तू जेवूनच जाशील ना?" ताट माझ्यासमोर होतं!

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ती मुख्य स्वयंपाकीण. गेल्या महिन्यात तिथल्या कोल्ड स्टोरेजचं दार बिजागरीतून निखळून तिच्या डोक्यावर आलं. रक्त नाही, बेशुद्धी नाही, स्कॅन स्वच्छ. मॅनेजर म्हणाले, "साधं टेंगूळ. नशीबवान आहात, बाई." तीही तेच घोकत बसली आहे. मला पटत नाही. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार. आली नाही तर कान धरून.

९ मार्च
डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या — "स्कॅन स्वच्छ आला म्हणजे मेंदूला इजा नाही, असं नसतं." पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने विचारले, तर धाकटीला एक आठवला.

जिन्यात म्हणाली, "बरं वाटलं गं. मला वाटत होतं, मी कामचुकार झाले." ही आणि कामचुकार!

हॉस्पिटलवर भरपाईचा दावा ठोकायचा. तिचा नवरा कचरतो आहे. मी नाही.

२ एप्रिल
तिच्या कामावर डोकावले. एप्रनच्या डाव्या कडेला कपडे वाळत घालायचे चिमटे. मीठ घातलं की एक चिमटा उजवीकडे. गॅस बंद केला की दुसरा.

"नाहीतर मीठ तीनदा पडतं, ताई."

तिचं तिनेच शोधलेलं. अपघातानंतर एकही ताट परत आलेलं नाही. बघत उभी राहिले. तोंडावर कौतुक केलं नाही, चढून बसेल.

२० मे
सुनावणी. हॉस्पिटलचा वकील गोड हसून म्हणाला, "काम चोख, एक तक्रार नाही. मग इजा आहे कुठे?"

चिमट्यांनी घात केला. आमचे वकील कागद चाळत राहिले. धाकटी उठून न्यायाधीशांना म्हणाली, "चिमटे काढून माझी एक सकाळ बघा, साहेब. या तुम्ही."

साहेब "येतो" म्हणाले. आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

२४ मे
साहेब आले. चिमटे तिने माझ्या हातात दिले. पेशंटांचं जेवण दुसऱ्या बाईने केलं. हिने बाजूला एक पातेलं सूप.

मीठ घातलं. कांदा हलवला. मीठ घातलं. कुणीतरी काही विचारलं, उत्तर दिलं, पुन्हा मीठ. हाताखालच्या बायका माना खाली घालून उभ्या. इतकी वर्षं ज्यांना हिने चव शिकवली, त्यांच्यासमोर!

साहेबांनी चमचाभर घेतलं आणि लगेच पाणी मागितलं. तिने स्वतः चाखलं. "खारट झालंय." मग हळूच — "मीच घातलं का?"

लाज लपवायला माणसं काय काय करतात. हिने ती सगळ्यांसमोर मांडली. मला जमलं नसतं. घरी येताना बसमध्ये तिचा हात धरून बसले. ती म्हणाली, "सोड गं, लोक बघतात."

११ जून
निकाल आमच्या बाजूने. दावा पूर्ण मान्य. पेढे घेणार होते, पण तिला गोड आवडत नाही, म्हणून फुलं घेऊन गेले. ती निकाल वाचत होती. एका ओळीवर बोट.

"ताई, 'इजा कायमची आहे' असं लिहिलंय. आपण हेच मागत होतो ना?"