गोलमागची शिट्टी

सर, गेल्या आठवड्यात मैदानावर जे झालं ते तुम्हाला सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला रजा घ्यायला लावतील.

मी आपल्याच कॉलेजात मुलींच्या फुटबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक आहे. तुमच्या वेळी असं पद नव्हतंच. क्रीडाशिक्षक तुम्ही, पंच तुम्ही, मैदानावर चुना मारणारेही तुम्हीच. तुम्ही मला घ्यायला शनिशिंगणापूरच्या आमच्या घरी आलात तो दिवस मला अजून दिसतो. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसलेले. आई मान वर न करता म्हणते, "पोरगी अर्ध्या चड्डीत पळनार व्हय? लोक काय म्हनतील?" तुम्ही म्हणालात, "लोक मॅच बघायला येतील, वहिनी. त्यांच्यासाठी सतरंजी टाकू." आई हसली आणि तुमच्या पुढ्यात भाकरी आली. मला गोलकीपर केल्यावर तुम्ही सगळ्यांना सांगत फिरायचात, "दारं नसलेल्या गावची पोरगी दार राखायला उभी केलीय मी." हातमोजे कुठे मिळत नव्हते, तेव्हा साखर कारखान्यातल्या ओळखीच्या फिटरकडून तुम्ही कातड्याचे मोजे आणलेत. त्यांना मळीचा वास यायचा. त्या वासातच मी बॉल पकडायला शिकले.

तुमचा शेवटचा दिवस मी आजवर कुणाला नीट सांगितलेला नाही. आदल्या दिवशी नेवाशाच्या संघाविरुद्ध मी तीन गोल खाल्ले होते आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "झोपायचं असंल तर घरी जा." मी रुसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सराव चालू असताना तुम्ही नेहमीसारखे पूर्वेकडच्या माझ्या गोलमागे उभे होतात. मधेच शिट्टी आली, पण अर्धवट, जशी तोंडातून निसटलेली. मला वाटलं, पुन्हा माझंच काहीतरी चुकलं. मी मुद्दाम वळून पाहिलं नाही. खेळ अजून बराच वेळ चालला. संपल्यावर मी वळले तेव्हा तुम्ही खांबाला टेकून खाली बसला होतात, डोळे उघडे, शिट्टी ओठांत. मी म्हणाले, "सर, उठा, संपलं." दोनदा म्हणाले.

त्यानंतर मी बी.पी.एड. केलं आणि इथेच परत आले. पहिल्या वर्षी नऊच मुली जमल्या, दोघी कबड्डीतून उसन्या आणल्या. घराघरांत जाऊन आयांशी बोलले, तुमची सतरंजीची गोष्ट वापरली. पुढे संघ विद्यापीठात जिंकू लागला. तुम्ही ओळखणार नाही असं मैदान आहे आता, जाळ्या आहेत, पाण्याची टाकी आहे. एसटीच्या पाटीवर नगरचं अहिल्यानगर झालंय. पण इतक्या वर्षांत त्या पूर्वेकडच्या गोलमागे मी एकदाही उभी राहिले नाही. मुलींच्या ते लक्षात आलंय. कोण काय म्हणतं ते मला कळत नाही, पण त्या गोलकडे सराव असला की आमची गोलकीपर अधूनमधून मागे बघते. एकदा विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई मॅडम, कुनीतरी हाय असं वाटतं. भ्या न्हाई वाटत पन."

गेल्या आठवड्यात विद्यापीठाच्या निवडीआधीचा शेवटचा सराव होता. ऑक्टोबरचं ऊन, दुपारचे तीन. मधल्या फळीत राहुरीकडची एक नवी मुलगी आहे, दोन वर्षांत अशी खेळाडू मला मिळाली नव्हती. ती धापा टाकत म्हणाली, "मॅडम, पानी पिऊन येते." मी म्हणाले, "मॅचमध्ये कोण देणार पाणी? खेळ." आणि निवडसमितीचा फोन आला म्हणून मी मैदानाकडे पाठ करून कडुलिंबाखाली गेले. बोलता बोलता मागचा आवाज एकदम बंद झाला. ना बॉल, ना ओरडा. बावीस मुली आणि इतकी शांतता. मी वळले. सगळ्या जागच्या जागी थांबलेल्या, सगळ्यांची तोंडं पूर्वेकडच्या गोलकडे. त्या थांबल्या म्हणूनच मला ती मुलगी दिसली, मैदानाच्या पार टोकाला, बॉलपासून लांब, उताणी पडलेली. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

अंग तापलेलं, घाम बंद, जीभ जड. टाकीवरचं पाणी ओतलं, ओल्या जर्सींनी गुंडाळलं आणि कॅन्टीनवाल्याच्या टेम्पोतून नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, अजून दहा मिनिटं गेली असती तर सांगता येत नव्हतं. संध्याकाळी तिने डोळे उघडून पहिलं विचारलं, "मॅडम, निवड व्हईल का माझी?" मी बाहेर आले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुली बसल्या होत्या. मी विचारलं, "तुम्ही एकदम थांबलात कशा?" एकमेकींकडे बघून त्या हसल्याच. कॅप्टन म्हणाली, "असं काय मॅडम, तुमीच शिट्टी मारली की." गोलकीपर मात्र हसली नाही. ती म्हणाली, "माझ्या मागनं आली. जरा अर्धीच वाजली." मग माझ्याकडे बघत राहिली.

माझी शिट्टी जिमखान्याच्या कपाटात होती, सर. दोरी तुटली म्हणून सकाळीच ठेवली होती.

आता दुपारचा सराव मी बंद केलाय. सकाळी सहाला सुरू, आठला बंद, आणि पाणी मागेल तिला तेव्हाच. ती मुलगी बरी झाली. या वर्षीची निवड मात्र हुकली, ते तिला मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. ती रडली. मला जे बोलायचं होतं ते बोलले, की चूक माझी होती. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती.

हे पत्र सरावाच्या वहीत राहील, कुणाला दाखवायचं नाही. एकच राहिलं. मुलींना मी सांगितलं, हो, मीच वाजवली. खोटं बोलले. मैदानावरच्या सगळ्यांना ऐकू आली, त्या वेळी लिंबाजवळून जाणाऱ्या कॉलेजच्या शिपायालाही आली. मला नाही आली, सर.