बाबांचा स्वच्छ आवाज

४ जून

तू गप्प बस, वही! मी गोष्टी लिहिते, अर्ज खरडत नाही— असं मीच म्हणाले होते, माहितीये. तरी खरडतेय. घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात स्वरयंत्र काढलं की माणसाचा आवाज जातो. ताई काम करते त्या हॉस्पिटलात तो आधीच रेकॉर्ड करून ठेवायचाय. मग पेशंट टाइप करेल ते मशीन त्याच्याच आवाजात बोलेल. पैसे देणाऱ्या फाउंडेशननं हो म्हटलं तर! आणि रांगेत पहिले कोण? बाबा.

९ जून

फाउंडेशनच्या बाईंचा फोन. "कल्पना गोड आहे हो. पण नमुना ऐकवा. स्वच्छ हवा."

११ जून

पंखा बंद. खिडकीला गादी टेकवलेली. बाबा घामाघूम होऊन माझाच अर्ज वाचतायत.

"ए भुंगेऽऽ, 'लाभार्थी सक्षम होतील'— असं कोण बोलतं गं? तुझ्या गोष्टीतला तो वेडा तरी बरा बोलायचा!" मग खोकला. मग हसू. पुन्हा खोकला.

ताई दारातून ओरडली, "बाबा, सरळ वाचा ना! मशीन तुमच्यावरूनच शिकणारे."

"मग शिव्या पण शिकू दे की त्याला!"

१२ जून

रेकॉर्डिंग साफ केलं. खोकला, हसू, शिव्या, मला मारलेली 'भुंगेऽऽ' हाक— सगळं उडवलं. मूळ फाइलवरच, कॉपी न ठेवता. ताई म्हणाली, "राहू दे ना थोडं." मी म्हटलं, "अनुदान हवंय की करमणूक?"

१५ जून

ऑपरेशन. आत नेताना बाबा काहीतरी म्हणाले. स्ट्रेचरच्या चाकांच्या खडखडाटात ऐकूच आलं नाही. म्हटलं, नंतर विचारू.

नंतर!

२ जुलै

मंजूर! ताई माझ्या गळ्यात पडून रडली. वॉर्डातल्या सगळ्यांचे आवाज आता राहतील. बाई म्हणाल्या, "इतका स्वच्छ नमुना आम्ही ऐकलाच नव्हता." बाबांनी अंगठा वर केला. घशाला पट्टी. डोळे हसरे.

९ जुलै

मशीन आलं. बाबांनी पहिलं काय टाइप करावं? भुंगे.

मशीन बोललं. आवाज बाबांचाच. पण सपाट— हजेरी घेताना मास्तर नाव पुकारतात ना, तसा. बाबांनी मान हलवली. पुन्हा तेच टाइप केलं. पुन्हा तसंच.

मग एका बोटानं काहीतरी लांबलचक टाइप करायला लागले. मध्येच माझ्याकडे बघितलं.

मशीन बोलायच्या आत मी चपला घातल्या. त्यांचं बोट अजून चालूच होतं. दार ओढून घेतलं.